मेजावरची सृष्टी आणि तिचे छायाचित्र

पोळ्यास मातीचे बैल, दिवाळीस अंगणातला किल्ला आणि ज्वारीच्या ताटांची गाडी ही आपल्या खानदेशातील मुलांची जुनी करमणूक होय. थोरांच्या दृष्टीने हा केवळ खेळ. सण सरला म्हणजे किल्ला पायाखाली तुडवला जातो आणि बैल कोनाड्यात धूळ खात पडतात. परंतु याच खेळास निरीक्षणाची, गणिताची आणि प्रकाशाच्या ज्ञानाची जोड दिली, व शेवटी त्याचे छायाचित्र घेतले, तर त्याची एक स्वतंत्र कला बनते. या कलेस टेबल-टॉप छायाचित्रण म्हणतात. आपण तीस मेजावरचे छायाचित्रण म्हणू. ती कशी साधावी, तिचे नियम कोणते, आणि ती हाती आल्यावर कोणते पथ्य पाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या कलेचा एक थोर उपासक आपल्याच खानदेशात होऊन गेला. कैखुश्रू माणेकजी मूस, ज्यांस लोक केकी मूस या नावाने ओळखतात, यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईस एका पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडात जाऊन त्यांनी चित्रकलेचे व छायाचित्रणाचे शिक्षण घेतले आणि १९३८ साली ते चाळीसगावी परतले. तेव्हापासून ३१ डिसेंबर १९८९ रोजी देहावसान होईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, ते स्टेशनानजीकच्या आपल्या बंगल्यातच राहिले, आणि त्या काळात त्यांनी घराचा उंबरठा अगदी क्वचित ओलांडला. चित्र, शिल्प, लाकडावरील कोरीव काम अशा अनेक कलांत त्यांची गती होती. परंतु त्यांची विशेष कीर्ती झाली ती मेजावर वस्तूंची मांडणी करून घेतलेल्या छायाचित्रांमुळे. त्यांचे घर आता कलादालन म्हणून जतन केलेले आहे. जळगाव किंवा धुळे येथील विद्यार्थ्यास तेथे जाणे मुळीच अवघड नाही.

आता सहज प्रश्न येतो की, जो मनुष्य घराबाहेर पडत नाही, त्याच्या चित्रात विस्तीर्ण देखावा यावा कसा? याचे उत्तर एका साध्या भौमितिक सत्यात आहे. कॅमेऱ्यास वस्तूचे खरे आकारमान कळत नाही. त्यास कळतो तो केवळ तिने व्यापलेला कोन. तीन इंचांची बाहुली भिंगापासून दोन फुटांवर ठेवली, तर ती जेवढा कोन व्यापते, तेवढाच कोन अठ्ठेचाळीस फुटांवर उभा असलेला सहा फुटी मनुष्य व्यापतो. दोन्ही परिमाणे चोवीसपट वाढली, प्रमाण तेच राहिले. म्हणून चित्रातील आकृतीही तेवढीच राहिली. तेव्हा लहान वस्तू मोठी भासविण्याची शक्ती कॅमेऱ्यात आहेच. ती शक्ती फळास येते की हास्यास्पद ठरते, हे मात्र मांडणी करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे. सर्व लेखाचे सार एवढेच आहे, आणि पुढील नियम हे त्याचेच उपनियम होत.

पहिला नियम प्रमाणाचा. काम आरंभण्यापूर्वी एक प्रमाण ठरवावे आणि ते मोडू नये. नवशिक्याने एका फुटास अर्धा इंच हे प्रमाण घ्यावे. मग साडेपाच फुटांचा शेतकरी पावणेतीन इंचांचा होतो, सहा फुटांचे दार तीन इंचांचे, आणि साडेचार फूट व्यासाचे गाडीचे चाक सव्वादोन इंचांचे. आईची टाकून दिलेली बांगडी जवळजवळ याच मापाची असते. तीच चाकाची धाव समजावी, आगकाड्यांचे आरे करावेत आणि मध्ये लाकडी मणी बसवावा. एखादी वस्तू प्रमाणाबाहेर गेली की सारा देखावा कोसळतो. शेतकऱ्याच्या पायाशी हरभऱ्याएवढा खडा पडला, तर चित्रात तो घागरीएवढा धोंडा दिसेल! म्हणून जमिनीसाठी माती नेहमी वस्त्रगाळ करून घ्यावी.

दुसरा नियम साहित्याचा. बाजारातील खेळणी विकत आणून मांडण्यात कला नाही. आपल्या शेतात व परसात जे पडलेले असते, तेच पुरे. पऱ्हाटीचे मूळ उपटून, धुऊन उलटे रोवले, तर उन्हाळ्यातील निष्पर्ण वृक्षाचे ते हुबेहूब रूप होते. केळीचे वाळलेले सोपट छपरास चालते. ज्वारीच्या ताटाचा हलका गाभा भिंतींस व खांबांस. तागाच्या पोत्याचे धागे गवतास. सरकी काढलेला कापूस मेघास. टाकाऊ वस्तूंतही पुष्कळ द्रव्य असते. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद दरवाजे व खिडक्यांस, रिकामी आगपेटी गाडीच्या बैठकीस, डब्याचा पत्रा शाळेच्या छपरास उपयोगी पडतो. मात्र यासाठी हिरवी फांदी तोडू नये, अथवा पक्ष्याचे घरटे हलवू नये. जे गळाले, जे वाळले, जे टाकले, तेवढेच आपले.

साहित्य निवडताना निसर्गाचे ज्ञान कसे उपयोगी पडते, याचे एक उदाहरण पाहा. वैशाखात आपल्या काळ्या जमिनीस ज्या भेगा पडतात, त्या मेजावर दाखवावयाच्या आहेत. चाकूने रेघा ओढल्यास त्या खोट्या दिसतात. त्याऐवजी काळ्या मातीचा चिखल ताटलीत पसरून उन्हात ठेवावा. थर जाड असेल तर भेगा दूर दूर पडतात. थर पातळ असेल तर त्या जवळ जवळ व बारीक पडतात. म्हणजे थर पातळ केला की भेगा आपोआप आपल्या प्रमाणात येतात! तळहाताएवढ्या ताटलीत दुष्काळाचे शेत उभे राहते, आणि ते खोटे म्हणता येत नाही, कारण निसर्गानेच ते आपल्या नियमाने घडविलेले असते.

परंतु सर्वच पदार्थ असे आज्ञाधारक नसतात. पाणी व अग्नी यांस लहान करता येत नाही. पाण्याचा थेंब मेजावरही थेंबाएवढाच राहतो, आणि दिव्याची ज्योत बाहुलीच्या शेजारी होळीसारखी दिसते. म्हणून तापीचे पात्र दाखवावयाचे असेल तर पाणी ओतू नये. फुटक्या आरशाचा तुकडा, कडा मातीत लपवून, बसवावा. काच हाताळताना वडील माणूस जवळ असावे.

तिसरा नियम अंतराचा. यावल किंवा चोपड्याच्या बाजूने सातपुड्याकडे पाहिले आहे ना? जवळची टेकडी गडद दिसते, तिच्यामागची फिकट, आणि सर्वांत मागची आकाशात विरून गेल्यासारखी निळसर. मधल्या हवेतील धूळ व बाष्प यांचा हा परिणाम होय. मेजावर ही हवा नसते, म्हणून ती निर्माण करावी लागते. कागदाच्या तीन डोंगररांगा कापून एकामागे एक उभ्या कराव्यात आणि मागच्या रांगेचा रंग पुढचीपेक्षा फिकट ठेवावा. शिवाय मागील वस्तू मुद्दाम लहान प्रमाणात कराव्यात. धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रस्त्यावरून दिसणारा लळिंगचा किल्ला पार्श्वभूमीस हवा असेल, तर तो बोटभर उंचीचा पुरतो. पुढील बैलगाडीच्या मानाने तो आपोआप कोसभर दूर जातो.

चौथा नियम प्रकाशाचा. सूर्य एक आहे, म्हणून छायाही एकाच दिशेस पडली पाहिजे. दोन दिवे दोन बाजूंस ठेवले, तर बैलास दोन सावल्या पडतात आणि पाहणाऱ्यास तत्काळ कृत्रिमता कळते. सकाळी आठच्या सुमारास पूर्वेच्या खिडकीतून येणारे तिरपे ऊन यास उत्तम. ज्या बाजूस अंधार अधिक वाटेल, तेथे पांढरा कागद उभा धरावा. तो प्रकाश परत फेकून सावलीची तीव्रता कमी करतो. सायंकाळचा देखावा हवा असल्यास एकच दिवा, शक्य तितका दूर व खाली, ठेवावा.

पाचवा नियम दृष्टीच्या उंचीचा, आणि याचीच चूक सर्वाधिक आढळते. आपण उभ्याने मेजाकडे पाहतो व तसेच छायाचित्र घेतो; मग देखावा खेळण्यासारखा न दिसेल तर काय? आपल्या प्रमाणात शेतकऱ्याचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच इंचांवर आहेत. भिंगही त्याच उंचीवर आले पाहिजे. हल्ली बहुतेक घरी मोबाइल असतो; तो उलटा धरला की त्याचे भिंग खाली येते व हे काम सहज साधते. तो हातात न धरता पुस्तकांच्या आधाराने स्थिर ठेवावा. फार जवळ जाऊ नये, कारण जवळून घेतलेल्या चित्रात पुढचा पदार्थ स्पष्ट आणि मागचा अंधुक होतो, व त्यावरून लहानपण उघड होते. थोडे दूर राहून चित्र घ्यावे आणि नंतर कडा छाटाव्यात.

एवढ्या क्षुल्लक वस्तूंतून कोठवर जाता येते, हे नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रावरून दिसेल. चलच्चित्राचा उद्योग आरंभताना, १९१२ साली, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची छायाचित्रे ठरावीक अंतराने घेतली आणि अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. पुढे १९१५ साली आगकाड्या थोड्या थोड्या हलवून त्यांची एकेक प्रतिमा घेत त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार केला. वाटाणा आणि आगकाडी! या दोहोंहून स्वस्त वस्तू कोणत्या घरात नाहीत? त्यांस किंमत आली ती पाहणाऱ्याच्या चिकाटीमुळे. आपल्या काळात जपानमधील तात्सुया तानाका हे कलावंत २०११ सालापासून दररोज एक असे चिमुकले दृश्य रचून त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करीत आले आहेत. त्यांचेही साहित्य स्वयंपाकघरातले व लेखनाच्या मेजावरचेच असते.

आता शेवटची, परंतु माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या विद्येने लहान वस्तू मोठी दिसते, तिनेच खोटी वस्तू खरी दिसते. इंग्लंडातील कॉटिंग्ली या गावी १९१७ साली एल्सी राइट व फ्रान्सिस ग्रिफिथ्स या दोन मुलींनी, एक सोळा वर्षांची व दुसरी नऊ वर्षांची, कागदावर पऱ्यांची चित्रे काढून कापली, टोपीस लावावयाच्या लांब टाचण्यांनी ती झुडपांत उभी केली, आणि त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्र घेतले. प्रारंभी ती घरातली गंमत होती. परंतु शेरलॉक होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी त्या पऱ्या खऱ्या मानल्या आणि १९२० सालच्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांवर लेख लिहिला. एवढ्या थोर पुरुषास खोटे कसे पाडावे, या संकोचाने मुली गप्प राहिल्या. सत्य त्यांनी सांगितले ते १९८३ साली, जेव्हा दोघीही वृद्ध झाल्या होत्या. एका दुपारच्या खेळाचे ओझे त्यांनी सहासष्ट वर्षे वाहिले!

या कथेवरून पऱ्या करू नयेत असा बोध कोणी घेऊ नये. कागदाच्या पऱ्या कापण्यात पाप नव्हते. त्या कागदाच्या आहेत हे न सांगण्यात दोष होता. नाटकातील राजा खरा राजा नव्हे हे प्रेक्षक जाणतात, म्हणून नाटक ही कला आहे. तोच वेष घालून कोणी बाजारात कर वसूल करू लागला तर ती फसवणूक ठरते. आज तर छायाचित्र क्षणात हजारो लोकांच्या हाती पोहोचते. मेजावरच्या पुराचे किंवा आगीचे चित्र कोणा अनोळखी माणसास खऱ्या संकटाचे वाटले, तर केवढा अनर्थ होईल! यास्तव प्रत्येक चित्राखाली स्वच्छ अक्षरांत लिहावे: ‘ही प्रतिकृती आहे’, आणि ती कशाकशाची केली हेही लिहावे. अशाने चित्राची गोडी कमी न होता वाढते. ‘हा वृक्ष पऱ्हाटीच्या मुळाचा आहे’ हे वाचून पाहणारा पुन्हा एकदा चित्राकडे वळतो, आणि या वेळी तो अधिक लक्षपूर्वक पाहतो.

पालकांस एक विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी परसातून काटक्या, सोपटे व फुटकी झाकणे गोळा करून घरात आणू लागली, तर कचरा म्हणून ती लगेच फेकून देऊ नये. एक कोपरा व एक जुनी पाटी तिला द्यावी, आणि काम झाल्यावर मोबाइल अर्धा तास हाती द्यावा. त्या कोपऱ्यात त्रैराशिक शिकले जाईल, प्रकाशाचे नियम शिकले जातील; आणि ज्या मातीवर आपण रोज चालतो, तिच्याकडे डोळे उघडून पाहण्याची सवय लागेल. मेजावर बैल उभा करावयाचा तर खऱ्या बैलाच्या वशिंडाकडे व खुरांकडे आधी नीट पाहावे लागते.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत प्रत्येकाने असा एकतरी देखावा रचावा: आपल्या गावाची वेस, विहिरीचा काठ, केळीची बाग, किंवा आजोबांचे पाडून टाकलेले जुने घर. मुसांनी चाळीसगावच्या एका बंगल्यात राहून जे साधले, त्याची सुरुवात एका मेजापासूनच होते. मेज नसल्यास पाट चालेल.