पिवळ्या गळ्याची चिमणी

घरात येणारी चिमणी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. रानात तिची एक चुलत बहीण राहते. तिला रानचिमणी किंवा पीतकंठी चिमणी म्हणतात. पीत म्हणजे पिवळा, कंठ म्हणजे गळा.

लांबून ती नुसती मातकट दिसते. पण नराच्या गळ्यावर हळदीचे बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका असतो आणि खांद्यावर विटकरी डाग असतो. मादीचे रंग फिके असतात. ठिपका खालूनच दिसतो, म्हणून ती शेंड्यावर बसून चिवचिव करू लागली की झाडाखाली गुपचूप उभे राहावे.

ती गवताचे बी, दाणे व किडे खाते. मोहाच्या फुलातला रसपण पिते. तेव्हा तिच्या कपाळाला पराग लागतात आणि कपाळ पिवळे दिसते. बघणाऱ्याला वाटते, हा कोणता नवीन पक्षी आला! तेच कपाळ घेऊन ती दुसऱ्या फुलावर जाते, मग मोहाला फळ धरते. आपण मोहाच्या बियांचे तेल काढतो, त्यात थोडी मेहनत ह्या चिमणीची आहे.

घरचिमणीसारखी ती फोटोच्या मागे घरटे करीत नाही. तिला झाडाची ढोली लागते. सुतारपक्ष्याचे जुने भोकपण चालते. आत गवत, केस, पिसे घालून ती तीन-चार अंडी घालते. हे एप्रिल ते जुलैमध्ये होते. आणि आपल्याकडे पावसाच्या आधीच सरपण साठवतात! वठलेले झाड फुकट उभे आहे असे वाटते, पण त्यात पिल्ले असू शकतात. आलेल्या पालकांना विनंती आहे की कुऱ्हाड लावण्याआधी ढोलीकडे थोडा वेळ बघावे. पक्षी आतबाहेर करीत असेल तर ते झाड पाऊस सरेपर्यंत ठेवावे.

ही चिमणी मोठी प्रसिद्ध आहे. १९०८ साली मुंबईच्या एका मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने ती पाडली. हातात घेतली तर गळा पिवळा! त्याने मामांना विचारले. त्यांनाही नाव सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्डसाहेबांनी नाव सांगितले आणि कपाटातले पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अली. पुढे १९४१ साली त्यांनी भारतातल्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिले. १९८५ साली स्वतःची गोष्ट लिहिली, तेव्हा पुस्तकाला नाव दिले ते त्या पडलेल्या चिमणीचेच.