गाडी एका चाकावर उचलण्याआधी

मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघायचा, मित्राची गाडी मागून घ्यायची, उपनगरातला एखादा रिकामा रस्ता शोधायचा आणि रेस देऊन झटक्यात क्लच सोडायचा. पुढचं चाक उचललं, की बाजूला उभे असलेले चार जण ओरडणार, ‘नाद खुळा!’ आपल्याकडे बहुतेक मुलं व्हीली शिकतात ती अशी. या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आज सविस्तर बोलायचं आहे.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. गाडीचं वेड वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. कोल्हापूरला हे वेड जुनं आहे आणि त्यातून चांगले खेळाडू घडले आहेत. कोल्हापूरजवळ मोहितेज रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. इथल्या कृष्णराज महाडिकनं ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेपर्यंत मजल मारली, ध्रुव मोहिते राष्ट्रीय स्पर्धांत उतरला. ही मुलं ट्रॅकवर, हेल्मेट-सूट घालून आणि शिकवणाऱ्याच्या नजरेखाली तयार झाली. व्हीलीसुद्धा तशाच बंदिस्त जागेतला खेळ आहे. सार्वजनिक रस्त्यावर ती शिकण्याची सुरक्षित पद्धत नाही, आणि चांगलं हेल्मेट घातलं म्हणून अशी पद्धत निर्माणही होत नाही. असं का, ते आधी समजून घेऊ.

चाक उचललं की काय होतं?

पुढचं चाक हवेत गेलं, की तीन गोष्टी एकदम हातातून जातात. हँडल वळवून गाडी वळत नाही. गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम करणारा पुढचा ब्रेक निरुपयोगी होतो. आणि समोरच्या रस्त्याचा बराचसा भाग गाडीच्याच पुढच्या भागाआड जातो. ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. तेवढ्यात गल्लीतून सायकलवरचं पोर आलं, उसाची ट्रॉली वळली किंवा कुत्रं आडवं आलं, तर चालवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

चाक खाली आणायला मागचा ब्रेक हलकेच दाबायचा असतो. नवशिक्याच्या बाबतीत घडतं नेमकं उलटं. गाडी वर उचलली, की शरीर मागे सरकतं. पडण्याच्या भीतीनं मूठ घट्ट आवळली जाते, मनगट खाली झुकतं आणि त्यामुळे ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो. उजवा पाय तोवर ब्रेकवरून सुटलेला असतो. गाडी सरळ उभी राहते आणि मागे उलटते. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. इतक्या वेळात विचार करून ब्रेक दाबणं कुणालाच जमत नाही. ती सवय आधीच पायात मुरलेली असावी लागते.

समजा गाडीला फारसा वेग नाही. तरी दीड मीटर उंचीवरून खाली येणारं डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. त्यानंतर शंभर-दीडशे किलोची गाडी अंगावर येऊ शकते, ती वेगळीच.

पडण्याची तऱ्हा आणि दुखापत

मागे उलटून पडलं, की मार माकडहाडाला, पाठीला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला बसतो. पाठ आणि कंबर जिथं मिळतात, तिथला मणका अशा आघातात चेपतो किंवा फुटतो. मज्जारज्जू साधारण तिथंच येऊन संपतो. हाडाचा तुकडा त्यात घुसला, तर पायांची ताकद जातेच, शिवाय लघवी-संडासवरचा ताबाही जातो. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढावी लागणं म्हणजे काय, याची कल्पना कुठल्याही व्हिडिओतून येत नाही.

डोकं मागून आपटलं, तरी मेंदूला मोठी इजा पुष्कळदा पुढच्या बाजूला होते, कारण मेंदू कवटीच्या आत हेलकावा खाऊन समोरच्या हाडावर आदळतो. राग आवरणं, नियोजन करणं, लक्ष टिकवणं ही कामं याच पुढच्या भागाची. म्हणून हाडं जुळतात, मुलगा चालत घरी येतो, पण ‘आमचा पोरगा आता पहिल्यासारखा राहिला नाही’ असं घरचे सांगतात.

चाक धाडकन खाली आपटलं, तर शरीर पुढे फेकलं जातं. हँडलचं टोक पोटात घुसून प्लीहा किंवा यकृत फाटू शकतं. वरून फक्त एक गोल व्रण दिसतो आणि आत रक्तस्राव चालू असतो. पेट्रोलच्या टाकीवर जांघ आदळली, तर ओटीपोटाचं हाड आणि मूत्रमार्ग दुखावतो. मुलं लाजेपोटी हे सांगत नाहीत. मित्रांनो, लघवीच्या जागेतून रक्ताचा थेंब जरी आला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाजूला पडताना आपण हात टेकतो. मनगट मोडतं, गळपट्टीचं हाड मोडतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर तिथल्या लहानशा हाडाला तडा गेलेला असू शकतो. पहिल्या एक्स-रेत तो कधी कधी दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. ‘मुरगळलंय’ म्हणून चोळून घेतलं, तर त्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते कायमचं न जुळलेलं राहू शकतं.

आणखी एक दुखापत मोटारसायकलवाल्यांमध्ये जास्त दिसते. खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ओढली गेली, की मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या जातात किंवा मुळातून उपटल्या जातात. हाड शाबूत असतं, पण हात लुळा पडतो. यावरच्या शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो. ‘येईल हळूहळू ताकद’ म्हणत वर्ष घालवू नका.

हेल्मेट हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून दिसलेलं आहे. म्हणून पूर्ण चेहरा झाकणारं, ‘आयएस ४१५१’ हा भारतीय मानक शिक्का असलेलं हेल्मेट घ्या. हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट रस्त्यावर पहिला आघात बसायच्या आत डोक्यावरून निघून जातं.

तरीही हेल्मेट कण्याचं, पोटाचं आणि नसांचं रक्षण करत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूतला एक नावाजलेला यूट्यूबर कांचीपुरमजवळ चेन्नई-बंगळूर महामार्गावर व्हीली मारताना पडला. हेल्मेट आणि संरक्षक कपडे अंगावर असल्यानं त्याचा जीव बचावला. हात मोडला, अटक झाली आणि वाहन परवाना दहा वर्षांसाठी गेला.

पहिला तास

कुणी पडलं, तर आधी मागून येणारी वाहनं थांबवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ११२ सुद्धा चालतो. तोवर पुढचं लक्षात ठेवा.

जखमीला उठवून बसवू नका. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून दवाखान्यात नेणं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. मणका मोडलेला असेल तर वाचलेला मज्जारज्जू याच प्रवासात कापला जाऊ शकतो.

हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल किंवा तोंडात उलटी साचत असेल, तरच काढा. तेव्हाही एकानं मान आणि डोकं सरळ रेषेत धरून ठेवायचं आणि दुसऱ्यानं पट्टा सोडून हेल्मेट सावकाश काढायचं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा. हळद, कॉफी, माती काही लावू नका. हाड बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका. ओल्या स्वच्छ कापडानं झाका. पाणी, चहा पाजू नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते.

मदत करणाऱ्यांनी पोलिसांच्या चौकशीला घाबरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. रुग्णालयात तिची चौकशी करा. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं मोठं रुग्णालय आहे. पैशाच्या विचारात वेळ घालवू नका.

पुढचे दोन दिवस

घरी कळू नये म्हणून मुलं मार लपवतात, खोलीत जाऊन झोपतात. धोका इथंच आहे. डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचत असेल, तर माणूस आधी काही तास अगदी ठीक बोलतो आणि मग गुंगतो. म्हणून पुढच्या ४८ तासांत यांपैकी काहीही दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा: पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जास्त झोप, असंबद्ध बोलणं, फिट येणं, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं. पोटदुखी वाढत असेल, चक्कर येत असेल किंवा मार नसताना डावा खांदा दुखत असेल, तर प्लीहेतून रक्तस्राव होत असण्याची शक्यता आहे. पायांत किंवा बैठकीच्या जागी बधिरता आली, लघवी अडली, तर एक तासही थांबू नका.

मित्र बघत असतात तेव्हा

अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातले मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्यापेक्षा मित्र शेजारी बसल्यावर कितीतरी जास्त पत्करत. मोठ्या माणसांत असा फरक पडला नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. आता मोबाईलमुळे बघणारे मित्र चार नसून हजारो असतात. म्हणून व्हिडिओ काढणाऱ्या मित्रांनाही सांगतो: कॅमेरा धरणारा हात त्या पडण्यात सहभागी असतो. फोन खिशात ठेवलात, तर निम्मे प्रयत्न होणारच नाहीत.

शिकायचंच असेल तर

आपल्या कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेश तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुणी डाव टाकू देत नाही. आधी जोर-बैठका, मग मान आणि कंबर मजबूत करणं, मग पडायला शिकणं. हौद्यातली माती उकरून मऊ केलेली असते आणि वस्तादाची नजर हटत नाही. गाडीच्या खेळालाही हाच क्रम हवा, आणि डांबरी रस्त्यावर यातलं काहीच नसतं.

अठरा वर्षं पूर्ण आणि परवाना हातात असल्याशिवाय सुरुवात नको. आधी मोकळ्या मैदानात ताशी ४० वरून सरळ रेषेत, चाक न घसरू देता थांबायला शिका. हे कौशल्य रोज उपयोगी पडतं आणि जीव वाचवतं. त्यानंतर डर्ट बाइकच्या प्रशिक्षण केंद्रात जा. भारताकडून पहिल्यांदा डकार रॅलीत उतरलेल्या सी. एस. संतोष यांनी बंगळूरजवळ असं केंद्र उभं केलं आहे. तिथं मातीचा ट्रॅक असतो, छाती-पाठ-गुडघ्यांना कवच असतं, शिकवणारा शेजारी असतो. स्टंट करणारे व्यावसायिक गाडीला मागे आधाराची लोखंडी चौकट बसवतात, मागची स्प्रॉकेट बदलतात, मागच्या ब्रेकचा लिव्हर हँडलवर घेतात. घरच्या, कामावर जायच्या गाडीत यातलं काही नसतं. वारंवार आपटून तिचा कोनसेट आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर खराब होतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन वडील कामाला जातात.

आईवडिलांसाठी

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर कायद्यानं पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. विम्याचाही विचार करा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, स्वतःच्या बेदरकार चालवण्यामुळे मेलेल्या चालकाच्या वारसांचा विमा कंपनीकडून भरपाईचा दावा मान्य केला नाही.

पण नुसत्या धाकानं काम होत नाही. हँडलला खरचटलंय, मनगटाला पट्टी आहे, मुलगा लंगडतोय, हे दिसलं तर ओरडण्याआधी विचारा: ‘कुठं लागलं? डोकं आपटलं का?’ पडलो हे घरी सांगता येतं, असा विश्वास असलेला मुलगा वेळेत दवाखान्यात पोचतो. आणि त्याला खरोखर आवड असेल, तर एखाद्या रविवारी त्याला ट्रॅकवर घेऊन जा. हेल्मेटसाठी आणि प्रशिक्षणासाठी पैसे बाजूला ठेवा. त्याचं वेड ओळखून त्याला योग्य जागी नेणं, हे आईवडिलांच्या हातातलं सगळ्यात परिणामकारक औषध आहे.