एका अँपूलभोवतीची माणसं

निकालाच्या आठवड्यात पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "नीटमध्ये गुण कमी पडले, आता हॉस्पिटलचं दार बंदच ना?" तसं नाही. त्यासाठी काचेच्या एका छोट्या अँपूलची गोष्ट ऐका.

सिझेरियनसाठी पाठीत स्पायनलचं इंजेक्शन दिलं, की रक्तवाहिन्या सैलावतात आणि काही मिनिटांतच बीपी घसरू लागतं. १२० वरून ८५! आई म्हणते, "मळमळतंय." बीपी मोजणारा कफ पुन्हा फुगायच्या आतच भूलतज्ज्ञाला अंदाज आलेला असतो. भरून ठेवलेल्या सिरिंजमधून फेनिलेफ्रिनचे ५० ते १०० मायक्रोग्रॅम शिरेत जातात, वाहिन्या आकसतात, बीपी सावरतं.

खरी गोम ती सिरिंज भरण्यात आहे. नेहमीच्या अँपूलमध्ये १ मिलीत १० मिलीग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम औषध असतं. ते १०० मिली सलाइनमध्ये पातळ केलं, की मिलीला १०० मायक्रोग्रॅम. गणित शाळेतल्या त्रैराशिकाचंच. पण पातळ करायचं राहिलं तर डोस शंभर पट! बीपी भडकतं, नाडी मंदावते. म्हणूनच सिरिंजवर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहिलेलं लेबल हवंच.

आयसीयूत तर बीपीवरचा हा पहारा दिवस-दिवस चालतो. जंतुसंसर्गामुळे शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला नॉरअॅड्रेनालिन सिरिंज पंपावर लावतात. सरासरी रक्तदाब किमान ६५ राखायचा असतो. डॉक्टरांच्या सूचनेनुसार नर्स पंपाचा वेग कमी-जास्त करते, सुईची जागा तपासते. कारण औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी मरू शकते. एक सिरिंज संपायच्या आत दुसरी तयार ठेवावी लागते.

आता या अँपूलभोवतीच्या वाटा पाहा.

भूलतज्ज्ञ : नीट, साडेपाच वर्षांचं एमबीबीएस (इंटर्नशिपसह), मग नीट-पीजी आणि तीन वर्षांचं एमडी. वाट लांबची.

नर्स : चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी सीईटी असते. रात्रपाळीची तयारी मात्र हवी.

ऑपरेशन थिएटर (ओटी)-अॅनेस्थेशिया तंत्रज्ञ : बारावी विज्ञाननंतरचा पदवी अभ्यासक्रम. भुलीचं यंत्र, मॉनिटर, पंप, औषधांचा ट्रे सज्ज ठेवणं हे काम. अशा सहायक आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही झाला.

क्लिनिकल फार्मासिस्ट : इंटर्नशिपसह सहा वर्षांचं फार्म.डी. डोस बरोबर आहे का, एका नळीतून दोन औषधं एकत्र चालतील का, हे तपासणारा माणूस. अशा जागा मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत.

प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजची मान्यता कागदावर पाहा. संलग्न रुग्णालय कोणतं आणि विद्यार्थ्यांना ओटीत, आयसीयूत प्रत्यक्ष किती महिने उभं राहायला मिळतं, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर फी भरू नका.

आणि आज घरी मुलांना एक गणित घाला : ५० मिलीत ४ मिलीग्रॅम औषध आहे, तर एका मिलीत किती मायक्रोग्रॅम? उत्तर ८०. ते लवकर आलं तर छानच. पण उत्तर लिहून झाल्यावर, कुणी न सांगता, मूल ते पुन्हा पडताळून पाहतं का, याकडे जास्त लक्ष द्या.