शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर मी या वनस्पतीचं नाव काढलं. “शिंदळ माकुडी” म्हणताच बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. नाव जरा तसंच आहे खरं! हल्ली तिला “शिवसुमन” असंही म्हणतात. हसून झाल्यावर मात्र एका मावशींनी विचारलं, “ताई, आमच्या शेळ्यांच्या पोटापेक्षा ते फूल मोठं का?” प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकाचा पाठ त्यावरच.

ओळख कशी करायची?

ही रुईच्या कुळातली. खोडं जाड, मांसल, पाणी साठवणारी. कड्याच्या कपारीतून ती खाली लोंबतात. पावसाळ्यात पानं येतात आणि उन्हाळ्यात गळून जातात. मग नुसती खोडं उरतात आणि कुणाला वाटतं झाड वाळलं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं फूल येतं, गडद तांबडं, त्यावर पिवळे ठिपके. माश्यांमुळे परागीभवन होतं. शेंगेतल्या बियांना रुईसारखा कापूस असतो, तो वाऱ्यावर उडतो.

एवढी दुर्मीळ का?

जगात ही फक्त आपल्या महाराष्ट्रात सापडते. आपल्या शिवनेरीवर, पुरंदरजवळच्या वज्रगडावर, साताऱ्याच्या सज्जनगडावर, महाबळेश्वरला, अशा मोजक्याच ठिकाणी. १८६० च्या दशकात डॅलझेल नावाच्या अभ्यासकाने तिची शास्त्राला ओळख करून दिली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून “फ्रेरिया इंडिका” असं नाव ठेवलं. पुढे आययूसीएन या निसर्ग-संरक्षणाच्या जागतिक संस्थेने जगातल्या अतिशय धोक्यातल्या १२ वनस्पतींमध्ये तिची गणना केली.

आता गंमत बघा. ही वनस्पती नाजूक नाही. खोडाचा तुकडा लावला तरी रुजते. मग संपत का आली? कारण तिची जागा संपत आली. उतारावरचं गवत पेटलं की वणवा कपारीपर्यंत पोचतो. दरड कोसळते. खोडं रसाळ असल्यामुळे गुरं-शेळ्या खातात, गुराख्यांनीही ती खाल्ल्याच्या नोंदी आहेत. शिवाय कुंडीत लावायला माणसं उपटून नेतात. म्हणूनच ती आता बहुतेक अशा कड्यांवर उरली आहे, जिथं शेळीचाही पाय पोचत नाही.

“मग कुंडीतच वाढवू की!” असं काही जणी म्हणाल्या. रोपवाटिकेत वाढवणं चांगलंच, तज्ज्ञ ते करतातही. पण एकाच खोडाचे शंभर तुकडे म्हणजे एकच झाड शंभर वेळा. एक रोग आला तर सगळी जातील. वेगवेगळ्या झाडांचं बी, ते वाहणारा वारा, ती माशी, हे सगळं कड्यावरच जमतं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर

मावशी, शेळ्या बंद करा असं मी म्हणत नाही. पण जो वणवा माकुडी जाळतो, तोच आपला चाराही जाळतो. हिरडा गोळा करणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या बायकांना हे सांगायला नको. आगीत हिरड्याची लहान रोपं गेली तर पुढं वेचायचं काय? उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात वाहून जाते. एका फुलासाठी केलेली राखण आपल्याच घरी येते.

आपण काय करू शकतो?

१. झाड दिसलं तर बघा, फोटो काढा, पण उपटू नका. नेमकी जागा मोबाईलवर सगळीकडे पाठवू नका. कुणी रोपाचे पैसे देऊ केले तर थेट नाही म्हणा.

२. नवं गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवू नका. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. वणवा दिसला की वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

३. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात महिला सदस्यही असतात. समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. रानभाजी, औषधी, गवतं, बियाणं यांची माहिती आपल्यालाच जास्त आहे. ती वहीत आपल्या तोंडून गेली पाहिजे.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गावची समिती आहे का? त्यात कोणत्या ताई आहेत? वही कुणी पाहिली आहे?

• लहानपणी पाहिलेली, पण आता दिसत नाही अशी एक वनस्पती प्रत्येकीने सांगायची. ती कुठं असायची आणि त्या जागेचं पुढं काय झालं, हेही सांगायचं.

उत्तरं गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. ग्रामसभेत मांडायला तीच कामाला येतील. सगळ्यात आधी म्हाताऱ्या आजींना बोलू द्या. त्यांच्यानंतर विचारायला कुणी उरणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक