उताराची शर्यत

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात येरमाळा हे गाव आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील एका टेकडीवर येथील येडेश्वरी देवीचे मंदिर उभे आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी टेकडी उतरून आमराईकडे जाते. उतारावर पालखी वाहणारांना पाऊल जपून टाकावे लागते. बैलगाडी उतारास लागली की गाडीवानही कासरा आवळून धरतो. चढण माणसाचा दम काढते. उतार त्याची परीक्षा पाहतो.

मुलांना मात्र उताराचा मोह फार! फळीला जुनी बेअरिंगे बसवावयाची, पुढच्या आडव्या दांड्याला दोरी बांधावयाची आणि खडखडाट करीत खाली यावयाचे, हा खेळ महाराष्ट्रातील कित्येक गावांत मुले खेळत आली आहेत. याच जातीचा एक खेळ आज जगात मोठ्या शर्यतींच्या रूपाने खेळला जातो. त्याचे नाव डाउनहिल स्केटबोर्डिंग. यात बसावयाचे नसते. चार चाकांच्या अरुंद फळीवर उभे राहून घाट उतरावयाचा असतो.

स्केटबोर्डचा खेळ १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रूढ झाला. आरंभीची चाके धातूची किंवा भाजक्या मातीच्या जातीची असत. ती निसरडी असत आणि लहानशा खड्यानेही अडत. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेन नावाच्या लवचीक पदार्थाची चाके आली. ती रस्ता घट्ट धरीत. त्यामुळे मोठा वेग शक्य झाला. १९७५ साली कॅलिफोर्नियातील सिग्नल हिल येथे उताराची शर्यत सुरू झाली; परंतु पुढे गंभीर अपघात झाल्यामुळे १९७८ नंतर ती बंद पडली. वेग हाती आला होता, तो आवरण्याची विद्या अद्याप पुरती आली नव्हती.

आजच्या शर्यतीचा दिवस मोठ्या शिस्तीचा असतो. घाटरस्ता वाहनांस बंद केला जातो. वळणांवर वाळल्या गवताचे गठ्ठे रचतात. निशाणे घेतलेले पंच जागोजागी उभे राहतात. चेहरा झाकणारे शिरस्त्राण, चामड्याचा अंगरखा आणि हातमोजे यांवाचून कोणी रस्त्यावर उतरत नाही. प्रथम प्रत्येकाचा वेळ मोजतात. नंतर बहुधा चौघे एकदम सुटतात आणि त्यांतील पहिले दोघे पुढील फेरीत जातात. खाली पोहोचलेले स्पर्धक फळ्यांसह वाहनात बसून पुन्हा माथ्यावर येतात. असे चढणे-उतरणे दिवसभर चालते.

सरळ उतारावर स्पर्धक गुडघे वाकवून, छाती मांडीशी टेकवून आणि हात पाठीमागे नेऊन अंगाचा आकार लहान करतो. कारण वेग वाढतो तसा वाऱ्याचा अडथळा झपाट्याने वाढतो. वळण आले की तो एकदम ताठ होतो. त्याच्या हातमोज्याच्या तळव्याला कठीण चकती असते. ती रस्त्याला टेकून तो फळी आडवी घसरवितो. चाके रस्त्यावर घासतात आणि वेग उतरतो. हाच त्याचा कासरा!

या खेळाचे गणित सोपे आहे. घर्षण व वारा नसते, तर १० मीटर खाली येणाऱ्या वस्तूला ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग आला असता. ४० मीटर खाली येताच तो ताशी १०० किलोमीटर झाला असता. वेग दुप्पट झाला, की तेवढ्याच जोराने थांबण्यासाठी चौपट अंतर लागते. २०१७ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात पीट कॉनोली याने ताशी १४६.७३ किलोमीटर वेग गाठला. म्हणजे एका सेकंदात सुमारे ४० मीटर!

हे आकडे वाचून कोणाही मुलाच्या मनात धाडस उसळेल. पण सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग येरमाळ्यावरूनच जातो. त्यावरून दिवसरात्र ट्रक धावतात. तो कोणासाठी बंद होत नाही, त्याच्या वळणावर गवताचे गठ्ठे नसतात आणि बेअरिंगच्या गाडीला थांबविण्याचे साधनही नसते. शर्यतीतील स्पर्धक आधी लहान उतारावर थांबावयास शिकतो. मोठा घाट त्याच्या वाट्यास फार उशिरा येतो. फळीला वेग उतार देतो. तो आवरण्याचे सामर्थ्य मात्र ज्याचे त्याने मिळवावयाचे असते.

स्वाध्याय

१. सिग्नल हिल येथील शर्यत का बंद पडली?
२. 'हाच त्याचा कासरा!' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. आपल्या गावातील एखाद्या उताराचे वर्णन करा व तेथे कोणती काळजी घ्यावी ते लिहा.