गुडघा ताणून दाखवायला सांग

चि. मृणाल,


घोटीजवळच्या हॉस्पिटलात रुजू झालीस, छान झालं. भाताची आवणी उरकली की पिशवीच्या ऑपरेशनांना गर्दी होईल. अंग बाहेर येत असलं तरी या बायका हंगाम निघेपर्यंत तसंच रेटतात.

रक्तस्रावाची तुला धास्ती आहे, मूत्रनळीचीही, असायलाच हवी. पण नर्व्हची इजा टेबलावर कळत नाही. दुसऱ्या दिवशी बाई उठायला जाते आणि गुडघा दगा देतो. बहुधा ती फेमोरल नर्व्ह असते, आणि तिला सुरी लागलेलीही नसते. रिट्रॅक्टरचं पातं सोआस स्नायूवर रुतून बसतं आणि नर्व्ह चेपते. आडवा छेद, लांबलेलं ऑपरेशन, त्यात बाई हडकुळी, की धोका वाढलाच. तुझ्या वॉर्डात हडकुळ्या किती, ते तूच मोज. पुरेल तेवढंच आखूड पातं घे, खाली मॉपची घडी ठेव, मधूनमधून सैल कर. सीनियर घाई करतील. करू देत.

विठ्ठल शिरोडकरांचा पिशवीच्या तोंडाला घालायचा १९५५ चा टाका जगभर गेला. बाहेर येणारं अंग वर धरणारी त्यांची स्लिंग मात्र तुला इथेच शिकायला मिळेल. तिच्यात डावीकडे सोआसला फास घेतात, आणि जेनिटोफेमोरल नर्व्ह त्याच स्नायूवरून उतरते. ती आधी डोळ्यांनी बघ, मगच सुई घाल.

खालून ऑपरेशन असेल तेव्हा पाय स्वतः बांध. मांड्या फार दुमडल्या, फार फाकवल्या की फेमोरल नर्व्ह जांघेत दबते. गुडघ्याखालचं बाहेरचं हाड स्टिरपला टेकलं तर पेरोनियल दबून पाऊल लोंबतं. मदतनीस दमला की मांडीवर रेलतो, त्याला बिनधास्त हटक.

बाई पाय बधीर आहे म्हणाली, तर “कमरेतल्या इंजेक्शनचं आहे, उतरेल” म्हणून पुढच्या खाटेकडे जाऊ नकोस. स्पायनलचा असर काही तासांत जातो. तिला उभं करण्याआधी दोन्ही गुडघे ताणून दाखवायला सांग, रिफ्लेक्स बघ, केसपेपरवर लिही. कमजोरी वाढत असेल तर आत रक्त साठून दाब येतोय का, ते तातडीने तपास. नुसती चेपलेली नर्व्ह बहुधा काही आठवड्यांत, महिन्यांत सावरते; तोवर गुडघ्याला ब्रेस आणि फिजिओथेरपी. हे तिला स्वतःला सांग. चिखलात, बांधावर जायचं नाही हेही सांग. ती मान डोलावेल आणि जाईलच, तेव्हा सासूलाही समोर बसव.

तुझी,
मावशी