'प्रोपगंडा' म्हणजे नेमके काय?
(द्वितीय वर्ष, कला)

निवडणूक जवळ आली की जुईनगरात भोंगा लावलेली रिक्षा गल्लीगल्लीतून फिरते. आपण म्हणतो, 'प्रचार चालू आहे.' भाषांतराच्या एका प्रश्नात मी याच 'प्रचारा'ला 'प्रोपगंडा' असे लिहिले आणि गुण गेले. घरात इंग्रजी विचारायला कोणी नाही. कोश हाच माझा गुरू. कोशात तर 'प्रोपगंडा म्हणजे प्रचार' असेच होते! मग चुकले कुठे?

हा शब्द मुळात शिवारातला आहे. लॅटिनमध्ये 'प्रोपागो' म्हणजे दाब कलमाची फांदी. त्यावरूनच वाढवणे, पसरवणे हा अर्थ आला. 1622 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापन केले. त्याच्या लॅटिन नावातला 'प्रोपगांदा' हा शब्द पुढे इंग्रजीत आला.

या मंडळाशी आपल्या गोव्याचाही संबंध आहे. दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात धर्मगुरू होऊ दिले जाईना. ते रोमला गेले आणि या मंडळाच्याच आश्रयाने 1637 साली बिशप झाले. म्हणजे तेव्हा या शब्दाला बट्टा लागलेला नव्हता.

बट्टा लागला तो पहिल्या महायुद्धात (1914-18). सरकारे आपल्याच सोयीचे तेवढे लोकांना सांगू लागली. पुढे 1933 साली जर्मनीत गोबेल्स प्रचारमंत्री झाला आणि शब्द कायमचा काळवंडला. 'गोबेल्सनीती' हा शब्द तर आपल्या वृत्तपत्रांतही रुळला.

याउलट मराठीतला 'प्रचार' निष्कलंक राहिला. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 सालची. तिच्या नावात कोणाला खोटेपणा दिसत नाही. कायद्याप्रमाणे मतदान संपण्यापूर्वी 48 तास जाहीर प्रचार थांबतो, तोही 'कॅम्पेन', 'प्रोपगंडा' नव्हे.

मग 'प्रोपगंडा'ला मराठीत काय म्हणावे? 'अपप्रचार' पुरत नाही, कारण अपप्रचारात खोटेपणा गृहीत असतो. प्रोपगंडा खऱ्या गोष्टींचाही असू शकतो. फक्त त्यातली एकच बाजू निवडून पुन्हा पुन्हा सांगितलेली असते. म्हणून 'एकांगी प्रचार' हा शब्द मला जवळचा वाटतो. साहित्यसमीक्षेतील 'प्रचारकी' या विशेषणातही हीच छटा आहे.

वानगीदाखल एवढे ध्यानात ठेवावे : 'पब्लिसिटी' म्हणजे प्रसिद्धी, 'ॲडव्हर्टाइजमेंट' म्हणजे जाहिरात, 'कॅम्पेन' म्हणजे प्रचारमोहीम आणि 'प्रोपगंडा' म्हणजे एकांगी प्रचार. शिवाय हा शब्द अनेकवचनी भासला तरी इंग्रजीत तो एकवचनीच चालतो.

गुण गेले ते गेले. पण लसीकरणाची माहिती देत दारोदार फिरणाऱ्या आशाताईंच्या कामाला कोणी 'प्रोपगंडा' म्हटले, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. आणि एकांगी प्रचाराला आपण नुसते 'प्रचार' म्हणत राहिलो, तर फसगत आपली होईल. शब्दाची पारख हीदेखील मतदाराची तयारीच आहे.